विश्लेषण : तपकिरी दिसली म्हणजे शेकरू नव्हे! कारध्याच्या झाडांवर राहते कोण आणि तिचा रस्ता कोण तोडते?

पावसाळा सुरू झाला की कारधा बातम्यांत येते. वैनगंगेची पाणीपातळी किती, पूल वाहतुकीला बंद की सुरू, एवढीच ती बातमी असते. पाणी ओसरले की भंडारा शहरासमोरचे हे नदीकाठचे गाव पुन्हा महामार्गावरून जाणाऱ्यांच्या खिडकीबाहेर मागे पडते. काठावरच्या चिंचेवर, कडुलिंबावर, धुऱ्यावरच्या मोहावर वर्षभर दिवसाउजेडी वावरणाऱ्या प्राण्याची बातमी मात्र होत नाही. ती होते कधी, तर कोणीतरी मोबाइलवर झूम करून धूसर चित्रफीत काढतो आणि खाली ओळ येते, ‘आमच्या गावात शेकरू!’ मग ती चित्रफीत गटागटांतून फिरते.

बहुतेक वेळा ते शेकरू नसते. यात हसण्यासारखे काही नाही. राज्यप्राण्याचे नाव शाळेत पाठ करून घेतले जाते, पण अंगणातल्या खारीच्या जाती किती, हे कुठल्याच इयत्तेत विचारले जात नाही.

मग तपकिरी दिसणारी ती कोण?

‘तपकिरी खार’ अशी वेगळी जात आपल्याकडे नाही. खारीचा प्रत्येक केस एकरंगी नसतो, त्यावर फिकट आणि गडद पट्टे असतात. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात तीच खार तांबूस तपकिरी दिसते, ढगाळ दिवशी राखाडी आणि पावसात भिजली की जवळजवळ काळपट. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने ‘सुधारतो’, हा आणखी एक गोंधळ. म्हणून रंगावर न जाता पाठ पाहावी.

विदर्भातल्या गावांत, शहरांत, बसस्थानकाच्या छपरावर दिसते ती प्रामुख्याने पाच पट्ट्यांची खार. पाठीवर मधोमध तीन फिकट रेघा आणि दोन्ही बगलांना थोडी खाली आणखी एकेक रेघ. तीन पट्ट्यांच्या खारीला या बाजूच्या रेघा नसतात. पाच पट्ट्यांची उत्तर भारतात आणि कोरड्या प्रदेशात माणसाच्या आसऱ्याने राहते. दक्षिणेत माणसाजवळ राहण्याचे तेच काम तीन पट्ट्यांची करते. मध्य भारत हा दोघींच्या सीमेवरचा मुलूख. इथे तीन पट्ट्यांची खार जंगलाच्या बाजूला आढळते. म्हणजे कारध्यातून निघून कोका अभयारण्याच्या दिशेने गेलेल्या माणसाला एकाच दिवसात दोघी दिसणे शक्य आहे. छायाचित्र काढायचेच असेल तर चेहऱ्याऐवजी पाठीचे काढावे, जात त्यावरून ठरते.

पाच पट्ट्यांच्या खारीचे शास्त्रीय नाव फ्युनाम्ब्युलस पेनांटी. १९०५ मध्ये तिचे वर्णन केले रॉबर्ट रॉटन यांनी. हे गृहस्थ मुंबई इलाख्यात वनाधिकारी होते. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेल्या भारतीय सस्तन प्राण्यांच्या मोठ्या सर्वेक्षणामागेही त्यांचा पुढाकार होता. नावाचा उत्तरार्ध ब्रिटिश निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट यांच्यावरून आला आहे. पूर्वार्ध अधिक मजेदार आहे. लॅटिनमध्ये फ्युनाम्ब्युलस म्हणजे दोरीवरून चालणारा, आपला डोंबारी. विजेच्या तारेवरून आणि हल्ली इंटरनेटच्या केबलवरून ती ज्या सहजतेने रस्ता ओलांडते ते पाहिले की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते. या दोरीचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

शेकरू कुठे असते?

शेकरू म्हणजे रतुफा इंडिका. अंगाने खारीपेक्षा कित्येक पट मोठे, वजन दीड ते दोन किलो, शेपटी शरीराहून लांब. पाठ तांबूस तपकिरी किंवा गडद किरमिजी, पोट फिकट. पाठीवर रेघ एकही नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर ते सहा मीटरपर्यंत झेप घेते आणि शक्य तोवर जमिनीवर उतरत नाही. झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचे गोल घरटे बांधते. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे जंगलात मोजलेली घरटी म्हणजे शेकरांची संख्या नव्हे.

पुणे जिल्ह्यातले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः शेकरासाठी घोषित झाले. तेव्हापासून शेकरू म्हटले की सह्याद्री, अशी समजूत पक्की झाली. विदर्भात ते मेळघाटात आहे, दक्षिण गडचिरोलीच्या दाट जंगलातही आहे. मध्य भारतातले शेकरू ही वेगळी उपजात मानली जाते. पण या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. तिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले आहेत. कारध्याच्या आसपास धानाच्या बांध्या, बोड्या, धुऱ्यांवर सुटी झाडे आणि मधून गेलेला महामार्ग असा भूभाग आहे. इथल्या चिंचेवर शेकरू यायचे तर त्याला मैलोन्‌मैल जमिनीवरून चालत यावे लागेल, आणि ते तसे करत नाही. चित्रफितीखालची ओळ खोडायला एवढे पुरेसे आहे.

उपजातींचा विषय निघालाच आहे तर डांगचे नाव घ्यायला हवे. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलात शेकराची एक फिकट, पांढरट उपजात होती. ती आता नामशेष झाली असे मानले जाते. जगाच्या यादीत शेकरू ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, त्याची संख्या घटत असली तरी. पण यादी संपूर्ण जातीचा हिशेब ठेवते. एका जंगलातले शेकरू संपले तर यादीतला शिक्का बदलत नाही.

आणखी दोन तोतये

जंगलाच्या कडेला दिसलेली, पाठीवर रेघ नसलेली, लहान आणि खरोखर तपकिरी ‘खार’ कदाचित खारच नसेल. मध्य भारताच्या कोरड्या जंगलांत वृक्षचिचुंद्री राहते. शेपटी झुबकेदार आणि आकार खारीएवढा, पण तोंड लांब आणि टोकदार, खांद्यावर फिकट तिरकी रेघ. ती कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात येतच नाही, तिचा गण स्वतंत्र आहे. नाव वृक्षावरून पडले असले तरी तिचा बराच वेळ जमिनीवर किडे शोधण्यात जातो.

दुसरी उडणारी खार. मोठी, तपकिरी, पण पक्की निशाचर. ती उडत नाही, पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी ताणून तरंगत खाली येते. दिवसा ढोलीत झोपते. ढोल्या असतात जुन्या झाडांना. म्हणजे ती दिसो न दिसो, तिचे भवितव्य झाडाच्या वयाशी बांधलेले आहे.

‘खारीचा वाटा’ खरोखर किती?

सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून श्रीरामांनी हात फिरवला आणि बोटांच्या रेघा उमटल्या, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. (बोटे तीन की पाच, यावरून दोन्ही जातींना आपापला दावा करता येईल.) त्यातून आलेला ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग मराठीत विनयाने वापरला जातो. देणगी छोटी आहे, पण मनापासून आहे, असा त्याचा अर्थ. निसर्गातला खारीचा वाटा मात्र तितका छोटा नाही.

फाल्गुनात भंडारा-गोंदियाच्या रस्त्यांवर पळस पेटलेला असतो. त्याच्या फुलांवर अनेक प्रकारचे पक्षी येतात. पण येणारा प्रत्येक जण परागीभवन करतोच असे नाही, बरेच जण नुसता मध पिऊन जातात. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या प्रजननाचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या निष्कर्षानुसार परागकण नीट पोहोचवणारे दोनच होते : जांभळा शिंजीर हा इवलासा पक्षी आणि खार. झाडीपट्टीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात, त्यावर लाख घेतली जाते, होळीला रंग होतो. या व्यवहारात खारीचे नाव कुठल्याही पावतीवर नसते.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला तिला सतत काहीतरी कुरतडावे लागते. पेरू, सीताफळ, भाजीपाला, ठिबकच्या नळ्या, केबल, काहीही चालते. कोसा हा भंडारा जिल्ह्याचा जुना धंदा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या वाढवणाऱ्यांना, त्यात ढीवर समाजाची कुटुंबे बरीच आहेत, अळ्या पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून आणि खारींपासूनही राखाव्या लागतात. राखण करणाऱ्याला खार गोड वाटावी, अशी अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे.

परक्या मुलखात तर ती उपद्रवीच ठरली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये पाच पट्ट्यांच्या खारी बाहेर पडल्या आणि आजूबाजूच्या वस्तीत स्थिरावल्या. तिथे त्यांच्याकडे पाहुणी म्हणून कोणी पाहत नाही. पण वैनगंगेच्या काठावर ती परकी नाही. इथे तिच्यावर नजर ठेवणारे शिक्रे आहेत, साप आहेत, मांजरी आहेत, त्यामुळे हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

उन्हाळ्यातली एक गोष्ट फोनवर वारंवार ‘खार आजारी आहे का’ म्हणून विचारली जाते, तीही इथेच सांगून टाकावी. विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे गेला की भर दुपारी खार सावलीतल्या फांदीवर किंवा ओट्याच्या गार फरशीवर चारही पाय पसरून पोट टेकते आणि तशीच पडून राहते. अंगातली उष्णता थंड पृष्ठभागाला देण्याची ती तिची पद्धत आहे. आजारपण नव्हे. उथळ भांड्यात पाणी ठेवावे, बिस्किटे ठेवू नयेत.

प्रश्न रस्त्याचा आहे

खारीच्या दृष्टीने गाव म्हणजे घरे नव्हेत, फांद्यांचे जाळे आहे. दोन झाडांचे शेंडे जिथे भिडतात तिथे रस्ता सुरू, जिथे अंतर पडते तिथे रस्ता बंद. जाळ्यातली प्रत्येक गाठ सारखी नसते. वाटेवरची एखादी जुनी चिंच दहा झाडांना जोडत असते. ती गेली की उरलेली दहा झाडे उभी असूनही जाळे तुटते. मोबाइलचा टॉवर बंद पडला की आसपासच्या सगळ्यांचे नेटवर्क जाते, तसेच हे.

हाजिरा ते पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना क्रमांक ६) कारध्यावरून पूर्वेला लाखनी, साकोलीकडे जातो. वैनगंगा पुलापासून छत्तीसगड सीमेपर्यंतच्या टप्प्याचे चौपदरीकरण झाले. पुढे हाच रस्ता नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून जातो. डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात ही दोन्ही जंगले आहेत आणि कारध्याला जवळचे कोकाही आहे. वाघ या रस्त्याच्या पलीकडे कसा जाणार, यावर बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. नागपूरच्या उत्तरेला पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्ताच उचलून घेतला आहे. तिथल्या सर्वांत लांब मार्गिकेची लांबी ७५० मीटर आहे आणि तिच्याखालून वाघ जातानाची छायाचित्रे कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. अभियांत्रिकीचे ते चांगले काम आहे.

पण भुयारी मार्ग आणि उन्नत रस्ता ही जमिनीवरून चालणाऱ्यांची सोय झाली. फांदीवरून चालणाऱ्याला तिचा उपयोग नाही. शेकरू खाली उतरत नाही, त्यामुळे रुंद रस्ता त्याच्यासाठी भिंत ठरतो. साधी खार उतरते आणि म्हणून मरते. समोर धोका दिसला की ती आधी जागच्या जागी थिजते, मग वेडीवाकडी पळते, मध्येच उलटी फिरते. झडप घालणाऱ्या शिक्र्याला चकवायला ही युक्ती उत्तम. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या ट्रकपुढे तिचा काहीही उपयोग होत नाही.

उपाय महाग नाही. अमेरिकेतल्या लाँगव्ह्यू गावात १९६३ मध्ये एका रस्त्यावर खास खारींसाठी सुमारे ६० फुटांचा पूल टांगला गेला. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि अग्निशमन दलाचा जुना पाइप, एवढेच साहित्य. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर असेच झुलते पूल बांधले आहेत. आपल्या खारीचे तर नावच दोरीवरून चालणारी. तिच्यासाठी दोन झाडांमध्ये जाड दोर बांधायला निविदा काढण्याइतकाही खर्च येणार नाही. तो दोर आज विजेची तार पुरवते, आणि उघड्या तारेवर एक पाय चुकला की खेळ संपतो.

झाड मोजायचे की सावली?

खरी गफलत कागदावर होते. झाड तोडायचे तर बदल्यात रोपे लावा, असा नियम. नागरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात ५० वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावण्याची अट आली. दुरुस्ती स्वागतार्ह आहे, कारण झाडाचे वय पहिल्यांदाच हिशेबात आले. पण हा कायदा नगरपालिका आणि महानगरपालिकांपुरता. म्हणजे नदीच्या अलीकडे भंडारा शहरातली शंभर वर्षांची चिंच एका कायद्यात आणि पलीकडे कारधा ग्रामपंचायतीतली तिची बहीण दुसऱ्या.

तो दुसरा कायदा १९६४ चा, झाडे तोडण्यावर नियंत्रण आणणारा. त्यात साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, बीजा अशा ठरावीक झाडांची अनुसूची आहे. म्हणजे ज्यांच्या लाकडाला किंवा फळाला बाजार आहे अशी झाडे. वड, पिंपळ, कडुलिंब आणि उंबर त्यात नाहीत. खारीसाठी मात्र वड-पिंपळाच्या पसरट फांद्या आणि उंबराची बारमाही फळे यांची किंमत सागापेक्षा जास्त आहे. सागाच्या सरळसोट खोडावर कोणाचे पोट भरत नाही.

५० वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात ५० रोपे लावली, ती गावापासून दूर गायरानात लावली, आणि समजा सगळी जगलीही. तरी जिथे फांद्या भिडत होत्या तिथली पोकळी तशीच राहते. रोपांची संख्या म्हणजे शेंड्यांची जोडणी नव्हे. म्हणून रस्त्याकडेच्या वृक्षगणनेत प्रजाती आणि घेर या रकान्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असायला हवा : या झाडाचा शेंडा किती झाडांना भिडतो? तो भरायला शास्त्रज्ञ लागत नाही. गावातला दहावीतला मुलगा झाडाखाली उभा राहून वर पाहील आणि आकडा लिहील. जिथे तो आकडा मोठा आहे तिथे रस्ता दोन मीटर सरकवता येतो का, हे आराखड्याच्या टप्प्यावरच विचारता येईल. झाडावर कुऱ्हाड पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

दुसरा रकाना तारखेचा. पाच पट्ट्यांची खार वर्षातून साधारण दोनदा विते. एकदा हिवाळा सरताना आणि एकदा पावसाळ्यात. धाग्यांच्या, कापसाच्या, गवताच्या घरट्यात दोन-तीन पिल्ले असतात, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. फांद्या छाटण्याची मोठी मोहीम निघते ती नेमकी पावसाळ्याच्या तोंडाशी, तारांना अडथळा नको म्हणून. छाटणी पंधरा दिवस अलीकडे घेतली आणि फांदी तोडण्याआधी एकाने वर नजर टाकली तर वीजही जात नाही आणि घरटेही खाली येत नाही.

तरीही पिल्लू पडलेच तर काय करावे? त्याला गायीचे दूध पाजू नये. मऊ कापडात गुंडाळून उबदार ठेवावे, त्याच झाडाच्या बुंध्याजवळ, मुंग्या आणि मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर उघड्या खोक्यात ठेवून माणसांनी लांब व्हावे. आई बहुधा जवळच असते. दुसरे घरटे तयार असेल तर ती पिल्लू तोंडात धरून तिकडे नेते. काही तासांत ती आलीच नाही, अंधार पडू लागला किंवा पिल्लू जखमी असेल, तर वन विभागाला कळवावे. घरी ठेवून वाढवू नये. खारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि हौसेने पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच ठरतो. वन विभागाच्या मदतीसाठी १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे.